वेगळं व्हायचा विचार आहे? आधी सल्ला, मग सही

घटस्फोटाचा विचार पक्का होत आला की माणूस आधी माहेरच्यांशी किंवा भावाशी बोलतो, मग मित्रमैत्रिणींशी. मग कुणीतरी नोटरीचा पत्ता देतं. वकिलाकडे पोचायची वेळ सगळ्यांत शेवटी येते. तोवर घर सोडून झालेलं असतं, दागिने तिकडेच राहिलेले असतात, रागाच्या भरात नको ते मेसेज गेलेले असतात आणि एखाद्या कागदावर सहीही झालेली असते. मग वकिलाला पुढचं सुचवण्याऐवजी मागचं निस्तरत बसावं लागतं. यातलं बरंचसं नुकसान एका वेळच्या सल्ल्याने टळलं असतं.

सल्ला घेणं म्हणजे केस टाकणं नव्हे. तासभर बोलून, कागद दाखवून घरी परत यावं आणि पुढे काहीच करू नये, असंही चालतं. वकिलाला सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाच्या संमतीशिवाय ती उघड करायला वकिलाला मनाई आहे. नवऱ्याला किंवा बायकोला कळेल या भीतीने थांबायचं कारण नाही. फक्त फोन आणि ईमेल दोघं मिळून वापरत असाल, तर वकिलाशी बोलण्यासाठी वेगळं खातं उघडा.

स्टॅम्प पेपरवरची फारकत

सगळ्यांत जास्त नुकसान याच कागदाने होतं, म्हणून तो आधी घेऊ. पाचजणांसमोर बसून, शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही’ असं लिहून नोटरीचा शिक्का मारला, की काडीमोड झाली असं अजूनही मानलं जातं. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न अशा कागदाने मोडत नाही. त्या कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला जागा आहे, पण आपल्या समाजात अशी रूढी जुनी, सलग आणि मान्य आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते अवघड असतं आणि नोटरीच्या शिक्क्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं, तर ते लग्न कायद्याने शून्य ठरतं. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा होतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दुसरा फटका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या कागदांत ‘आम्ही दोघं स्वखुशीने विभक्त राहत आहोत’ असं एक वाक्य हमखास असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (हेच पूर्वीचं कलम १२५) परस्पर संमतीने वेगळं राहणाऱ्या पत्नीला पोटगी मागता येत नाही. म्हणजे घाईने केलेल्या एका सहीवर बोट ठेवून समोरचा पक्ष पुढे पोटगीला हरकत घेऊ शकतो. असा कागद आधीच झाला असेल तर तो लपवू नका, पहिल्याच भेटीत वकिलाला दाखवा.

तुमच्या लग्नाला कोणता कायदा

सल्ल्याची सुरुवात इथून होते, कारण कारणं, मुदती आणि कोर्ट यावरच ठरतात. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख लग्नांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न झालं असेल तर धर्म कोणताही असो, तोच कायदा. ख्रिस्ती लग्नांसाठी १८६९ चा, तर पारशी लग्नांसाठी १९३६ चा कायदा आहे. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली कोर्टातून विवाहविच्छेद मागता येतो, आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने शून्य आणि शिक्षापात्र ठरवला आहे. यापुढचं विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याला धरून आहे. विशेष विवाह कायद्याची चौकट बरीचशी तशीच आहे.

एक गोंधळ वारंवार दिसतो. लग्न वैदिक पद्धतीने झालेलं असतं आणि नंतर त्याची नोंदणी केलेली असते, त्यामुळे ‘आमचं रजिस्टर मॅरेज आहे’ असं सांगितलं जातं. नुसत्या नोंदणीने कायदा बदलत नाही. विवाह प्रमाणपत्रावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते बघा आणि ते प्रमाणपत्रच सोबत न्या.

लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाची याचिका दाखल करता येत नाही. अपवाद असाधारण हालअपेष्टांचा किंवा समोरच्याच्या कमालीच्या दुराचाराचा, आणि त्यासाठी कोर्टाची वेगळी परवानगी लागते.

संमतीने की वादाने

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे कलम १३ब साठी, दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छताखाली असूनही पतीपत्नी म्हणून नांदत नसतील तर ते वेगळं राहणंच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केलं. याचिका दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं असतं. अमरदीप सिंग प्रकरणातल्या २०१७ च्या निकालानंतर हा सहा महिन्यांचा काळ कोर्ट माफ करू शकतं. मात्र त्यासाठी वेगळं राहण्याचा काळ पुरेसा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं, असं त्या निकालात सांगितलं आहे. ‘आता सहा महिने लागतच नाहीत’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अर्धाच निकाल सांगतोय.

दुसरं म्हणजे, हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. याच कारणाने पैसे आणि कागदपत्रांची देवाणघेवाण टप्प्यांत ठेवावी लागते. त्याबद्दल पुढे येईलच.

संमती नसेल तर कलम १३ मधलं कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं वगैरे. ‘आमचं आता काही राहिलेलंच नाही’ हे कितीही खरं असलं तरी या कायद्यात ते स्वतंत्र कारण नाही. त्या आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालय वापरू शकतं, असं २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितलं. खालच्या कोर्टात ते चालत नाही. वकील तुम्हाला तारखा, प्रसंग आणि साक्षीदार खोदून खोदून विचारतो तो यासाठीच.

याचिका लग्न जिथे झालं तिथे, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलं तिथे किंवा समोरचा राहतो तिथे दाखल होते. पत्नीला ती स्वतः राहते त्या ठिकाणीही दाखल करता येते. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नाहीतर दिवाणी न्यायालय. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे वकील लावणं हा आपोआप मिळणारा हक्क नसून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, पण ती मागता येते. आणि समन्स आलं तर ते घ्याच. ‘घेतलं नाही तर केसच चालणार नाही’ हा सल्ला फार महागात पडतो: प्रकरण एकतर्फी चालतं आणि तुमचं म्हणणं न ऐकताच हुकूमनामा होतो.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

सगळ्यांत उपयोगी कागद तुम्ही स्वतः लिहायचा आहे, एका पानाचा. लग्नाची तारीख, मुलांच्या जन्मतारखा, कुठे कधी राहिलात, कधी वेगळे झालात, मोठे प्रसंग कोणत्या महिन्यात घडले, पोलिसांत किंवा दवाखान्यात कधी जावं लागलं, एवढंच. विशेषणं नकोत. ‘तो फार त्रास द्यायचा’ याऐवजी ‘मार्च २०२२, राहत्या घरी, डाव्या हाताला मार, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक्सरे, कागद आहे’ असं लिहा. याचिका यावरच उभी राहते. भेटीचा वेळही वाचतो, कारण नाहीतर पहिला अर्धा तास तारखा आठवण्यात जातो.

सोबत प्रती न्या. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या. विवाह प्रमाणपत्र किंवा लग्नपत्रिका आणि फोटो, दोघांचे पगाराचे कागद आणि आयकर विवरणपत्रं जेवढी मिळतील तेवढी, बँकेचे उतारे, घराचा करारनामा आणि कर्जाचं पत्र, दागिन्यांच्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले आणि फीच्या पावत्या. घर सोडायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर हे सगळं त्याआधी जमवा. नंतर एक पावती मिळवायलाही अर्ज करावे लागतात.

मेसेज आणि रेकॉर्डिंग याबद्दल: स्क्रीनशॉट काढून फोन बदलून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन असेल तर पुरावा टिकायला मदत होते. जोडीदाराशी झालेलं स्वतःचं संभाषण गुपचूप रेकॉर्ड केलेलं असलं तरी वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. याचा अर्थ समोरच्याचं ईमेल फोडायची परवानगी मिळाली असा नाही. तो गुन्हा ठरू शकतो.

आणि वकिलापासून काही लपवू नका. दुसरे संबंध असोत, कर्ज असो, तुम्ही उचललेला हात असो, ते विरुद्ध पक्ष बाहेर काढणारच. तुमच्या वकिलाने ते पहिल्यांदा उलटतपासणीत ऐकलं तर सावरायला काहीच उरत नाही.

वकील निवडताना आणि फी ठरवताना

कौटुंबिक प्रकरणं नियमित चालवणारा वकील शोधा. पहिल्या भेटीत त्याने किंवा तिने तुमच्या बाजूच्या कमकुवत गोष्टी सांगितल्या का, हे बघा. निकालाची हमी देणाऱ्यापासून आणि पहिल्या दहा मिनिटांत ‘आधी त्यांच्या सगळ्या खानदानावर एक केस टाकू’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

फी एकरकमी की तारखेगणिक, त्यात काय येतं (मसुदा, अंतरिम अर्ज, मध्यस्थीच्या बैठका, टायपिंग, कोर्ट फी), अपील झालं तर वेगळी का, हे लिहून घ्या आणि पावती मागा. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा, कोऱ्या कागदावर सही देऊ नका. वकील बदलता येतो, आणि फीचा वाद असला तरी वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

संमतीच्या घटस्फोटात खर्च वाचवायला दोघांसाठी एकच वकील घेतात. मसुदा एकाने केला तरी हरकत नाही, पण सही करण्याआधी दुसऱ्या बाजूने तो स्वतःच्या वेगळ्या वकिलाकडून वाचून घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. एकच माणूस दोन्ही बाजूंचं हित बघू शकत नाही.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्यालाही समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पैसे आणि घर

‘बायकोला निम्मी मालमत्ता मिळते’ हा समज आपल्याकडे कायद्यात बसत नाही. गोव्यात नागरी संहितेमुळे पतीपत्नींची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, इतरत्र ज्याच्या नावावर त्याची हाच नियम आहे. म्हणून घरासाठी कुणी किती पैसे भरले याचे बँकेचे पुरावे जपावे लागतात. स्त्रीधन मात्र पूर्णपणे स्त्रीचंच, सासरच्या कपाटात असलं तरी. वस्तूंची यादी वजनासकट करा, लग्नातले फोटो जोडा.

पोटगी अंतरिम आणि कायम अशी दोन टप्प्यांत मागता येते. हिंदू विवाह कायद्यात ती पतीलाही मागता येते. रजनीश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. त्यामुळे अर्ज लांबवला की तेवढे महिने गेले. शपथपत्रात उत्पन्न दडवलं तर खोट्या शपथेची कारवाई ओढवू शकते. कलम १४४ खालची थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल कधीतरी’ म्हणत थांबलेल्यांची जुनी थकबाकी इथे अडकते. एकरकमी पोटगीवर आयकर नाही, दरमहाची पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते. रक्कम ठरवताना हे हिशेबात घ्या.

गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर कोर्टातल्या समझोत्याने बँक बांधली जात नाही. ‘हप्ते तो भरेल’ असं लिहिलं आणि त्याने भरले नाहीत, तर बँक तुमच्याकडेही येणार. कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र आधी, शेवटची सही नंतर.

समझोत्याची कलमं

संमतीच्या अटी चार ओळींत आटोपणं ही पुढच्या भांडणाची तयारी असते. एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘वडील मुलीच्या शिक्षणाचा खर्च करतील.’ दोन वर्षांनी प्रश्न उभे राहतात. क्लासची फी शिक्षणात येते का? वसतिगृह? पदवीनंतर काय? पैसे कुणाच्या हातात द्यायचे? हेच असं लिहिता येतं: ‘शाळा-कॉलेजची फी, बसभाडं, पुस्तकं, गणवेश आणि एका शिकवणीची फी वडील मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत थेट संस्थेच्या खात्यात भरतील, ही जबाबदारी मुलीची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत राहील, याखेरीज दरमहा ठरलेली रक्कम ५ तारखेपर्यंत आईच्या खात्यात जमा होईल आणि दर एप्रिलला ती १० टक्क्यांनी वाढेल.’ आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण कोण, किती, कधी, कुठे आणि कधीपर्यंत ही पाचही उत्तरं कलमात हवीत.

भेटींचंही तसंच. ‘सोयीनुसार भेटू देईल’ म्हणजे कुणाच्या सोयीनुसार? पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६, नेणं-आणणं कुणी करायचं, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, आजारपणात काय, रोजचा व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सगळं लिहा. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं, पण कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं. ताबा कुणाचा बक्षीस म्हणून दिला जात नाही. ‘मुलाची पोटगी मागणार नाही’ असं कलम घालायला भाग पाडलं जात असेल तर लक्षात घ्या, तो हक्क मुलाचा आहे, आईने सोडून सुटत नाही.

पतीवर छळाची फिर्याद असेल (भारतीय न्याय संहिता कलम ८५, पूर्वीचं ४९८अ) तर ‘केस मागे घेईन’ एवढं लिहून भागत नाही. ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून रकमेचे टप्पे करतात: काही डीडी याचिका दाखल करताना, काही दुसऱ्या वेळच्या जबाबाला, उरलेली फिर्याद रद्द झाल्यावर. दोन्ही बाजूंना यात संरक्षण आहे.

मारहाण होत असेल तर

मग वर सांगितलेला क्रम बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागा. ११२ किंवा महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली दंडाधिकाऱ्याकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करून संरक्षण, राहण्याची सोय, पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो. घटस्फोटाची केस त्यासाठी लागत नाही. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं. मार बसून घर सोडणं म्हणजे ‘नांदायला नकार’ नव्हे. तरी त्याच दिवशी दवाखान्यात कारण खरं सांगून कागद करून घ्या.

लग्नाशिवाय अनेक वर्षं एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही हा कायदा लागतो, नातं लग्नासारखं असेल तर: दोघं लग्नाला पात्र असावेत, पुरेसा काळ एकत्र संसार केलेला असावा, चारचौघांत जोडपं म्हणून वावरलेले असावेत. जोडीदार आधीच विवाहित असेल तर दावा कमकुवत होतो. इथे घटस्फोट लागत नाही, म्हणून कुणी वकिलाकडेही जात नाही. पण सामाईक घर, कर्ज आणि मूल असेल तर लेखी समझोत्याची गरज इथे जास्त आहे, कारण मागे विवाह कायद्याचा आधार नाही.

हुकूमनाम्यानंतर

प्रमाणित प्रती एकाऐवजी तीन-चार काढून ठेवा. बँक, पासपोर्ट, शाळा सगळीकडे मागतात. वादातून झालेल्या घटस्फोटात अपिलाची मुदत, हिंदू विवाह कायद्याखाली ९० दिवस, संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. अपील झालं असेल तर ते निकाली निघेपर्यंत थांबायचं. हुकूमनामा होईपर्यंत तुमचा जोडीदार कायद्याने तुमचा वारस असतो, त्यामुळे मृत्युपत्राचा प्रश्न केस चालू असतानाच वकिलाला विचारून घ्या. नंतर भविष्य निर्वाह निधी, विमा, बँक, म्युच्युअल फंड आणि सोसायटी या प्रत्येक ठिकाणी नॉमिनीचं नाव स्वतंत्र अर्ज करून बदला. हुकूमनाम्याने ते आपोआप बदललं जात नाही.